एकाच रेडियस सर्व्हरवर दोन सीएंची प्रमाणपत्रे : वापरकर्त्याची ओळख कशी ठरवावी?

प्रश्न (वरुड)

नमस्कार. आमच्या संत्रा उत्पादकांच्या सहकारी संस्थेत मोर्शीकडील एक लहान संस्था नुकतीच विलीन झाली. दोन्हीकडे वायफायचा प्रवेश ईएपी-टीएलएसने, म्हणजे पासवर्डऐवजी वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रावर होतो. मात्र दोघांचे सीए, म्हणजे प्रमाणपत्रांवर सही करून ती देणारे, वेगळे आहेत. फ्रीरेडियस, म्हणजे हा प्रवेश तपासणारा रेडियस सर्व्हर, आता एकच ठेवायचा असल्याने मी दोन्ही सीएंची मूळ प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये एकाखाली एक जोडून ती 'सीए_फाइल' या सेटिंगला दिली. मोर्शीचे लॅपटॉप हात न लावता जोडले गेले. परंतु सोमवारी मोर्शीच्या गोदामातील 'लेखापाल' थेट वरुडच्या हिशेब विभागाच्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या ठेवलेल्या भागात) गेल्याचे लॉगमध्ये दिसले. दोन्ही सीएंनी 'लेखापाल' याच नावाने प्रमाणपत्र दिलेले आहे. आंबिया बहाराचा माल येत असताना सर्वांना नवी प्रमाणपत्रे देणे शक्य नाही. काय करावे?

उत्तर (आर्वी)

'सीए_फाइल'मध्ये सीए घातला की त्याने सही केलेले प्रत्येक प्रमाणपत्र खरे मानले जाते, इतकेच. त्या माणसाला कुठे जाऊ द्यायचे, हा निर्णय वेगळा आहे आणि तो केवळ नावावरून घेणे धोक्याचे आहे. प्रमाणपत्राचा अनुक्रमांकसुद्धा एका सीएपुरताच अद्वितीय असतो, त्यामुळे देणारा आणि अनुक्रमांक, किंवा देणारा आणि नाव, अशी जोडीच ओळख म्हणून धरावी. फ्रीरेडियसमध्ये 'चेक-ईएपी-टीएलएस' हा व्हर्च्युअल सर्व्हर (नियम लिहिण्याचा सेटिंगमधील स्वतंत्र भाग) त्यासाठीच उपयोगी पडतो : तिथे 'टीएलएस-क्लायंट-सर्ट-इश्यूअर', म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव, तपासून मगच व्हीलॅन ठरवा. प्रमाणपत्रे न बदलता हे आजच करता येईल. सार्वजनिक सीए मात्र या फाइलमध्ये कधीही घालू नका, अन्यथा त्याच्या कुणाही ग्राहकासाठी दार उघडे राहील.

उत्तर (सिंदेवाही)

रद्द केलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीकडेही (सीआरएल) लक्ष द्यावे. 'चेक_सीआरएल' चालू असेल तर प्रत्येक सीएची यादी हजर हवी. एकाची यादी नसली किंवा तिची पुढील अद्यतनाची तारीख उलटली, तर त्या सीएचे सर्वच वापरकर्ते नाकारले जातात. आमच्याकडे इंटरनेट वारंवार जाते, म्हणून ओसीएसपीवर (प्रमाणपत्र रद्द आहे का हे ऑनलाइन विचारण्याच्या पद्धतीवर) विसंबण्यापेक्षा दोन्ही याद्या रोज रात्री स्थानिक डिस्कवर आणून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. यादी बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

एक अनुभव सांगतो. आमचा रेडियस रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होता आणि त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. भारनियमनानंतर वीज आली, पण इंटरनेट आले नाही. तारीख मागेच राहिली आणि त्याच आठवड्यात दिलेली प्रमाणपत्रे 'अजून वैध नाहीत' म्हणून नाकारली गेली. मी दोन तास सीएमध्ये चूक शोधत बसलो होतो. घड्याळाचे छोटे मॉड्यूल बसवल्यावर तो त्रास थांबला.

उत्तर (आर्वी)

प्रश्नातील एक वाक्य मला पुन्हा वाचावेसे वाटले. मोर्शीचे लॅपटॉप हात न लावता जोडले गेले, असे आपण लिहिले आहे. सर्व्हरचे प्रमाणपत्र वरुडच्या सीएचे असेल, तर केवळ मोर्शीच्या सीएवर विश्वास ठेवणाऱ्या लॅपटॉपने ते नाकारायला हवे होते.

प्रश्नकर्ता (वरुड)

आपला तर्क खरा ठरला, भाऊ. देणाऱ्यानुसार व्हीलॅन आजच वेगळे केले. त्यानंतर मोर्शीचे तीन लॅपटॉप उघडून पाहिले. तिन्हींवर सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची खूण काढलेली होती, म्हणजे आमच्या वायफायच्या नावाचे कोणतेही खोटे ॲक्सेस पॉइंट त्यांना चालले असते. उरलेले लॅपटॉप उद्या गोदामात जाऊन पाहतो आणि प्रत्येकावर वरुडचा सीए व सर्व्हरचे नाव पक्के करतो.