मदत हवी आहे: माणसे आठवतात, पण काठी कोणी उचलली?
2021 च्या पेरणीत धुऱ्यावरून झालेली मारामारी माझ्या काकाजींनी (वय 74, नजर चांगली) दहा पावलांवरून पाहिली. साक्ष आता आहे. दोघे भाऊ तिथे होते हे ते ठामपणे सांगतात, मात्र काठी कोणी उचलली आणि कोणी धरून ठेवली, यांत नावांची अदलाबदल होते. उतारवयात कृती आठवते, पण ती भलत्याच ओळखीच्या माणसाला चिकटते, हे वाचले आहे. नाव न सुचवता त्यांना सलग बोलू दिले; पुन्हा विचारल्यावर उत्तर फिरले, म्हणून थांबलो. पढवायचे मुळीच नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः वहीत लिहिलेले टिपण आहे, आणि भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 162 नुसार अशा टिपणावरून स्मृती ताजी करता येते. ते वाचल्याने मूळ प्रसंग आठवेल, की वाचलेलेच पाहिल्यासारखे वाटू लागेल?