राहणे न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कमध्ये: राज्याचा आयकर नेमका कुठे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे न्यू जर्सीत राहतो. पत्नीची नोकरी न्यू जर्सीतच आहे आणि माझे कार्यालय न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनमध्ये. आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करतो, तरीही डब्ल्यू-२ वर (कंपनीकडून मिळणाऱ्या पगार आणि करकपातीच्या वार्षिक दाखल्यावर) माझा सगळा पगार न्यूयॉर्कच्या नावे दाखवून तिथलाच कर कापलेला आहे. न्यू जर्सी तर रहिवाशाच्या एकूण उत्पन्नावर कर आकारते. मग एकाच पगारावर दोनदा कर भरावा लागेल का, आणि घरून केलेल्या कामाचे दिवस न्यूयॉर्कच्या हिशेबातून वगळता येतील का?

प्रतिसाद १

रिटर्न दोन्हीकडे भरावे लागेल, पण त्याच पगारावर पूर्ण कर दोनदा द्यावा लागत नाही. क्रम मात्र सांभाळा. आधी न्यूयॉर्कचे अनिवासींसाठीचे रिटर्न, आयटी-२०३, पूर्ण करा, कारण त्यात अंतिमतः ठरलेला कर हाताशी आल्याशिवाय न्यू जर्सीच्या एनजे-१०४० या रहिवाशांच्या रिटर्नमध्ये दुसऱ्या राज्याला दिलेल्या कराचे क्रेडिट (त्यापोटी इथल्या करातून मिळणारी वजावट) काढता येत नाही. पुष्कळ जण तिथे डब्ल्यू-२ च्या १७ व्या चौकटीतली कापलेली रक्कम उतरवतात. ते चूक आहे.

तुमच्या पत्नीच्या पगारावर न्यूयॉर्क कर लावत नाही, पण संयुक्त रिटर्नमध्ये आधी दोघांच्या एकूण उत्पन्नावर कर काढून मग न्यूयॉर्कच्या उत्पन्नाच्या प्रमाणात तो आकारला जात असल्याने तुमच्या पगारावरचा दर चढतो. न्यू जर्सीचे क्रेडिटही अमर्याद नाही. त्याच उत्पन्नावर न्यू जर्सीचा जेवढा कर आला असता, त्याहून अधिक क्रेडिट मिळत नाही आणि न्यूयॉर्कला दिलेली जादा रक्कम परतही येत नाही.

न्यूयॉर्क शहराचा आयकर फक्त शहराच्या रहिवाशांना लागतो. तो तुमच्या पगारातून कापला गेला असेल, तर लेखा विभागाला लगेच कळवा.

प्रतिसाद २

घरून कामाच्या दिवसांबद्दल न्यूयॉर्कचा नियम फार कडक आहे आणि माझ्या मते अन्यायकारकही. कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असेल, तर ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचे धरले जातात. कंपनीची गरज म्हणूनच काम न्यूयॉर्कबाहेर करावे लागले, हे सिद्ध करावे लागते. कंपनीने घरून काम करायला नुसती परवानगी दिली, एवढे त्यासाठी पुरत नाही. न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे, पण काही दिवस कनेक्टिकट राज्यात घरी बसून लेखन-संशोधन करणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की या नियमाविरुद्ध लढले, पण २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, त्यांच्या विरोधात निकाल दिला.

न्यू जर्सीने २०२३ मध्ये प्रत्युत्तरादाखल असाच नियम केला. शिवाय, न्यूयॉर्कच्या या आकारणीला आव्हान देऊन परतावा मिळवणाऱ्या आपल्या रहिवाशाला, त्यामुळे क्रेडिट घटून न्यू जर्सीत वाढणाऱ्या कराच्या निम्म्या रकमेइतके क्रेडिट देण्याची तरतूदही केली. तुमच्या बाबतीत मात्र ते दिवस न्यूयॉर्कमध्येच दाखवून न्यू जर्सीत क्रेडिट मागणे हाच सरळ मार्ग दिसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्नीचे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात एका नोकरीसाठी बोलणे चालू आहे. तिथेही हीच पद्धत लागू होईल का?

प्रतिसाद ३

नाही. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यात परस्पर करार आहे, त्यामुळे पगारावर राज्याचा कर फक्त राहत्या राज्याला जातो. रुजू होतानाच आरईव्ही-४१९ हा अर्ज कंपनीकडे देऊन पेनसिल्व्हेनियाची कपात थांबवायला सांगावे आणि न्यू जर्सीचा कर कापला जातो ना, हे पहिल्याच पगारपत्रकावर पाहावे. तो कापला जात नसेल, तर तिमाही अग्रिम कर स्वतः भरावा लागू शकतो. फिलाडेल्फिया शहराचा वेतन कर मात्र या कराराबाहेर असल्याने तो कापला जाईलच, पण न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याचे क्रेडिट मागता येते. हा करार केवळ पगारापुरता आहे, हेही ध्यानात असू द्या. पेनसिल्व्हेनियात घर घेऊन भाड्याने दिल्यास त्या भाड्यासाठी तिथे अनिवासी म्हणून वेगळे रिटर्न भरावे लागेल.