वज्रलेपाचं कोटेशन आलंय, करावं का?

माणदेशी_गडी:
मंडळी एक सल्ला हवाय. आमच्या गावात भैरवनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे, मूर्ती काळ्या पाषाणाची. रोज दूध-दह्याचा अभिषेक, रविवारी पायाला हात लावायला ही गर्दी, त्यामुळे पावलांची बोटं आता दिसतच नाहीत आणि गुडघ्याजवळ पापुद्रे सुटायला लागलेत. गुरवकाका म्हणतात पुसलं की फडक्याला भुकटी लागते. ट्रस्टने एका माणसाला बोलावलं तर त्याने वज्रलेपाचं, म्हणजे झीज थांबवायला मूर्तीवर देतात त्या लेपाचं, कोटेशन दिलं, दोन दिवसांत काम, मूर्ती चकचकीत आणि पन्नास वर्षं बघायला नको म्हणे. कशाचा लेप विचारलं तर "प्राचीन फॉर्म्युला आहे" एवढंच. मुंबईकर मंडळ पैसे द्यायला तयार आहे, मागे त्यांनीच गाभाऱ्यात ग्रॅनाइट बसवून दिलंय. चैत्रात यात्रा, त्याआधी उरकायचं चाललंय. कुणाला अनुभव?

रसायनवाला:
थांबवा आधी त्याला. मी याच कामात आहे म्हणून सांगतो, वज्रलेप नावाचा एकच असा पदार्थ बाजारात नाहीये, आज त्या नावाखाली काहीही खपतं आणि दोन दिवसांत चकचकीत म्हणजे बहुतेक इपॉक्सी, म्हणजे सुकल्यावर प्लास्टिकसारखं कडक होणारं चिकट रसायन. इपॉक्सी तुटलेला तुकडा जोडायला किंवा दगडाची पूड मिसळून भेग भरायला चांगलं, पण अख्ख्या मूर्तीवर त्याचा थर दिला की दगडातली ओल आत कोंडते, मग काही वर्षांनी तो थर सुटतो तो एकटा सुटत नाही, दगडाची साल घेऊन सुटतो. वर पिवळा पडतो आणि नंतर काढायचा म्हटला तर कशात विरघळत नाही, खरवडावाच लागतो.

दुसरा प्रकार इथाइल सिलिकेटचा. हे पातळ असतं, दगडाच्या आत शिरतं आणि तिथे सिलिका तयार होऊन सुटे कण एकमेकांना धरतात, छिद्रं बरीचशी उघडी राहतात म्हणून दगड श्वास घेतो म्हणा. बेसॉल्टला म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाला, वालुकाश्माला चालतं, संगमरवराला तितकं नाही. तेही एकदा आत गेलं की परत काढता येत नाही, त्यामुळे ते काही जादूचं औषध नव्हे. आणि लावल्यावर दोन-तीन आठवडे तरी मूर्तीला पाणी लागता कामा नये, यात्रेच्या तोंडावर हे जमणार आहे का ते बघा. झिजलेली बोटं परत येणार नाहीत हेही ट्रस्टला आत्ताच सांगून ठेवा.

एक विचारतो, भुकटी पांढरी आहे का? आणि ग्रॅनाइट सिमेंटात बसवलंय का?

कोल्हापुरी_ठसका:
आमच्या अंबाबाईचं बघा की. 2015 ला पुरातत्त्व खात्याच्या रसायन विभागाने संवर्धन केलं, तेव्हा मूर्तीवरच्या नागावरून केवढा वाद झाला, आणि 2024 च्या एप्रिलात पुन्हा करायला लागलं. खात्याच्या लोकांना नऊ वर्षांत परत यायला लागतंय आणि हा गडी पन्नास वर्षांची ग्यारंटी देतोय व्हय? लिहून घ्या म्हणावं स्टँपपेपरवर.

पोथीतला_किडा:
"प्राचीन फॉर्म्युला" वाचून राहवलं नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, वज्रलेपाची कृती खरंच आहे. टेंभुर्णीची कच्ची फळं, कवठ, सावरीची फुलं वगैरे एक द्रोण (पानाचा नव्हे, जुनं मोठं माप) पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळायचं, मग त्यात गुग्गुळ, बिबवा, राळ, जवस, बेल घालायचं आणि गरम असतानाच देवळाला, मूर्तीला, लिंगाला, भिंतीला लावायचं. टिकतं किती, तर एक कोटी वर्षं! त्यामानाने तुमचा माणूस पन्नासच म्हणतोय, प्रामाणिक दिसतो. गंमत सोडा, पण त्याला विचारा यातलं काय काय घालणार. अंगावर फोड आणणाऱ्या बिबव्याचं नाव काढल्यावर चेहरा कसा होतो बघा.

सडेतोड_काकू:
सगळे लेपावरच बोलताय, झीज कशाने झाली ते कोण बघणार? दही आंबट, मध आंबट, ते रोज दगडावर, तुपाचा ओशटपणा राहिला की बुरशी, आणि वर हजार हात. अभिषेक पितळेच्या उत्सवमूर्तीवर करा, पादुका करून त्यांच्यावर डोकं टेकवा, आमच्या गावात असंच चालतं, देव काही रुसला नाही. उज्जैनच्या महाकालाला 2017 मध्ये सुप्रीम कोर्टातल्या प्रकरणात माणशी अर्धा लिटर आरओचं पाणी आणि सव्वा लिटर पंचामृत असं माप ठरलं, तुम्ही कोर्टात जायची वाट बघताय का?

माणदेशी_गडी:
@रसायनवाला हो, भुकटी पांढरी आहे, खालच्या भागात जास्त. ग्रॅनाइट सिमेंटातच बसवलंय आणि मूर्तीखालच्या पीठाच्या (चौथऱ्याच्या) कडेनेही सिमेंट भरलंय. @काकू, पादुकांचं बोललो तर वडीलधारे अंगावर येतात, पण गुरवकाका आमच्या बाजूने आहेत.

रसायनवाला:
मग घोळ तिथेच असणार. सिमेंटातून क्षार निघतात, जमिनीतली ओल आधी फरशीतून उडून जायची तिला ग्रॅनाइटने वाट बंद केली, ती पीठातून मूर्तीत चढते, वर येऊन सुकते आणि क्षाराचे खडे दगडाच्या छिद्रात फुगून पापुद्रे उडवतात. याच्यावर लेप दिला तर क्षार आतच राहणार आणि काम जोरात चालू. आधी पीठाभोवतीचं सिमेंट हलक्या हाताने काढून तिथे चुना भरायचा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावून तो वाळेपर्यंत ठेवायचा, क्षार त्यात ओढले जातात, असं परत परत. पण पापुद्रे सुटलेत तिथे हे स्वतः करू नका, ओला लगदा काढताना पापुद्राच हातात येईल. लिंबू, चिंच, साबण काहीही लावायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली तरी पुरे.

मुंबईकर मंडळाला म्हणावं तिकडेच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, फोटो घेऊन तिथे भेटा. देऊळ संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्वच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकू नका. पंढरपूरला 2024 मध्ये गाभाऱ्याची चांदी काढून मूळ दगड मोकळा केला, त्याचे फोटो मंडळाला दाखवा, ग्रॅनाइट काढायचा विषय काढायला सोपं जाईल.

माणदेशी_गडी:
ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं कोरलीयत हो.

कोल्हापुरी_ठसका:
मग झालंच कल्याण.

सडेतोड_काकू:
नावाची पाटी बाहेर सभामंडपात लावा, दुप्पट मोठी करून. लगेच तयार होतील.