मदत हवी आहे : जुन्या मोटारसायकलला पेट्रोलचा वास

माझ्याकडे कार्ब्युरेटरची, १०० सीसीची जुनी फोर-स्ट्रोक मोटारसायकल असून ती बंदिस्त पार्किंगमध्ये रात्रभर उभी राहिली की सकाळी पेट्रोलचा तीव्र वास येतो. टाकी काठोकाठ भरलेली असताना तो अधिक असतो, निम्म्यावर आली की जवळजवळ नाहीसा होतो. पेट्रोलचा पाइप, क्लिपा आणि कॉकचे (टाकीखालच्या पेट्रोल चालू-बंद करण्याच्या तोटीचे) वॉशर नवीन बसवले आहेत. कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुईही बदलली आहे. कार्ब्युरेटरमधले जादा पेट्रोल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी कोरडी आहे, इंजिन ऑइलची पातळी वाढलेली नाही (म्हणजे त्यात पेट्रोल उतरलेले नाही) आणि कॉक बंद ठेवला तरी वास तसाच राहतो, त्यामुळे कार्ब्युरेटरवरचा संशय मी सोडून दिला आहे.

टाकीच्या खालच्या जोडावर खडूची पूड लावून पाहिली असता पुढच्या बाजूस पुसट ओला डाग उमटला. मात्र झाकणाचे रबरही कडक झालेले असल्याने पेट्रोल तिथून ओघळले असण्याची शक्यता उरतेच.

मूळ रंग खराब होऊ द्यायचा नाही आणि टाकीला वेल्डिंगची आच लावण्याचा धोका शक्यतो टाळायचा आहे. अशा स्थितीत गळती झाकणाची की जोडाची, हे खात्रीने कसे ओळखावे, आणि जोडच झिरपत असेल तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये टिकणारा आतला लेप कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का?