रनिंग-इनमध्ये स्पीडपेक्षा गिअर बघा
नवी बाइक रनिंग-इनमध्ये, म्हणजे इंजिन रुळेपर्यंतचे पहिले १००० किमी, ताशी पन्नासच्या वर न्यायचीच नाही असं जे सांगतात ते अर्धंच बरोबर आहे, कारण इंजिनाला स्पीड नाही, लोड (त्याच्यावर पडणारा ताण) कळतो. टॉप गिअरला ३५-४० ने रेटत चढ चढवलात तर इंजिन घरघरतं, टाकी थरथरते, त्यापेक्षा एक गिअर खाली टाकून मोकळं फिरू दिलेलं कधीही चांगलं. शिवाय नव्या सिलिंडरच्या आत होनिंगच्या (आतली भिंत घासून फिनिश करताना पडलेल्या) बारीक तिरक्या रेघा असतात, पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासूनच बसतात आणि रिंगांना भिंतीवर दाबायचं काम जळणाऱ्या गॅसचं प्रेशर करतं, त्यामुळे अगदीच जपून चालवली तर रिंगा नीट बसत नाहीत आणि पुढे गाडी ऑइल खाते.

मी माझ्या १५० सीसीला एकसारखा स्पीड धरून चालवलीच नाही, थोडी वाढवायची, परत सोडायची. ५०० किमीला ऑइल घरीच काढलं, ट्रे उन्हात धरला तर मेटॅलिक पेंटसारखी चमक, ड्रेन बोल्ट बोटाने पुसला तर धातूचा काळपट चुरा हाताला लागला. ते सगळं इंजिनात फिरत होतं! म्हणून पहिला ऑइल चेंज अजिबात लांबवू नका आणि ऑइल फिल्टर पण बदललाय का ते समोर उभं राहून बघा.