परसेप्शन (पात्राला लपलेलं दिसणं-ऐकू येणं) हे स्किल यादीतून काढून टाकलं तर?

फासेफकीर:
शनिवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) खेळताना परत तेच. पडक्या वाड्यात देवघराच्या फळीमागे पत्र लपवलेलं, ते मिळाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, डीसी १५ (फासा अधिक बोनस किमान १५ हवा), पाच प्लेअर, पाचही नापास. मग मी आपला एक उंदीर सोडला, तो बरोब्बर त्या फळीमागे गेला, सगळ्यांना कळलं की डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या माझी, गाडी अडकलीय. स्वतःची छोटी सिस्टिम लिहितोय, १२च स्किल्स, त्यात परसेप्शन ठेवणारच नाहीये. जो म्हणेल "फळी सरकवून बघतो" त्याला पत्र मिळेल, विषय संपला. बोला.

दीड_शहाणा:
अरे पण यात स्किलचा काय दोष? डी२० (वीस बाजूंचा फासा) वर डीसी १५, बोनस शून्य धरला तर एकाला ३० टक्के चान्स, पाचही जण पडायची शक्यता जवळपास १७ टक्के, म्हणजे सहा वेळांत एकदा गोष्ट बंद पडणारच. हे गणित तूच लिहिलंयस ना, फाशांना शिव्या कशाला? रॉबिन लॉजच्या गमशू या रहस्य-तपासाच्या गेम-सिस्टिममध्ये बघ, तपासाचं स्किल आहे आणि योग्य जागी वापरलंस तर मुख्य धागा मिळतोच, रोल नाही. स्किल राहतं, अडथळा जातो.

रानमांजर:
माझा कडक विरोध. माझं पात्र म्हणजे रेंजर, ती जंगलात वाढलेली आहे, मी स्वतः डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत फिरते. फासेफकीरच्या पद्धतीत टेबलावर ज्याचं तोंड जास्त चालतं त्यालाच सगळं सापडणार, आणि आमच्या ग्रुपमध्ये तो कोण ते सगळ्यांना माहितीये 😏 ताकद मोजताना कोणी म्हणतं का, आधी टेबल उचलून दाखव? मग नजरेचंच असं का?

जुनं_खोड:
फासेफकीरच्या बाजूने. १९७५ च्या ग्रेहॉक या डी अँड डीच्या पुरवणीत चोर हा क्लास (पात्राचा पेशा) आला, चढणं, लपणं, कान देऊन ऐकणं हे सगळं त्याच्या नावावर आकड्यांत लिहिलं गेलं आणि तिथून बाकीचे विचारायला लागले की मग आम्ही भिंत चढू शकतो की नाही. यादीत एक ओळ वाढली की बाकीच्यांचा एक हक्क कमी होतो. कहर म्हणजे २००० ची तिसरी आवृत्ती: स्पॉट, लिसन, सर्च (दिसणं, ऐकणं, शोधणं) अशी तीन वेगळी स्किल्स, आणि फायटरच्या क्लास-स्किलमध्ये, म्हणजे त्याच्या पेशाच्या यादीत, तिन्ही नाहीत!! ज्याला पहाऱ्यावर उभा करायचा तोच आंधळा नि बहिरा.

फासेफकीर:
@रानमांजर, तोंडाळ माणसाचा मुद्दा मान्य, त्याला डीएमने आवरायचं. पण मला एक सांग, पाचव्या आवृत्तीत १८ स्किल्स आहेत, आपल्या ग्रुपमध्ये परसेप्शन न घेतलेला एक तरी आहे? जे सगळेच घेतात ते स्किल कसलं, ती घरपट्टी झाली. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीनेही ते यादीतून बाहेर काढून सगळ्यांना दिलंच की.

दीड_शहाणा:
दिलं ना! काढून टाकलं नाही. आकडा राहिलाच, फक्त त्यासाठी दुसरं काही सोडावं लागत नाही. तू तर आकडाच उडवतोयस. मग दबा धरून बसलेल्या गॉब्लिनांचं काय करणार? प्रत्येक झुडपापाशी "मी हे झुडूप बघतो" म्हणायचं? दोन तासांत गावाची वेस ओलांडणार नाही आपण.

जुनं_खोड:
त्याला सरप्राइजचा डी६ (गट बेसावध सापडला का ते ठरवणारा सहा बाजूंचा फासा) होता की आधी. पूर्ण गटासाठी एक फासा. कोणाची नजर किती हा प्रश्नच नाही.

रानमांजर:
म्हणजे माझी रेंजर आणि चिलखतात खडखडत चालणारा पॅलाडिन, दोघांचे डोळे-कान सारखेच. मग मी रेंजर घेतली कशाला, धनुष्यासाठी?

फासेफकीर:
हं. गॉब्लिनांवर अडलो खरा. असं केलं तर, वस्तू शोधायला रोल नाही, जिथे हात घालाल तिथलं मिळेल. आणि दबा, पाठलाग, खिसेकापू यांच्यासाठी प्रत्येकाचा एक ठरलेला आकडा, त्याचं नाव सावधपणा. रेंजरचा जास्त, पॅलाडिनचा कमी. तो डीएमने गुपचूप बघायचा.

रानमांजर:
म्हणजे पाचव्या आवृत्तीतलं पॅसिव्ह परसेप्शन. मराठीत.

फासेफकीर:
...यादीत नाहीये पण 😅