मदत हवी आहे: ५ आठवड्यांच्या खंडानंतर नाडी चढीच, इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावायचे तुकडे) कधी सुरू करावेत?

धावपटू, वय ३८, मॅरेथॉनची तयारी, आठवड्याला ६० किमी. पोटरीच्या दुखापतीमुळे ५ आठवडे सगळं बंद होतं, सायकलसुद्धा नाही. पोटरी आता ठीक आहे, अडचण नाडीची आहे. किलोमीटरला ६ मिनिटं या वेगाला पूर्वी नाडी १४० असायची. परत सुरू केलं तेव्हा १५५ होती, आणि वेग तोच ठेवूनही चाळिसाव्या मिनिटाला १६५ वर गेली.

खंड पडला की आधी प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) घटतो, दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि ठोके वाढतात, हे माहीत आहे. म्हणून गेले १२ दिवस वेगाचा नाद सोडून, नाडी १४० च्या आत ठेवून एक दिवसाआड ४० मिनिटं धावणं चालू आहे. किलोमीटरला ६ मिनिटं या जुन्या वेगाला तपासलं तर नाडी आता १५१. प्लाझ्मा लवकर भरून येतो, त्या मानाने ही सुधारणा फारच कमी वाटते.

मोजमाप छातीपट्ट्याने, पहाटेच्या गारव्यात. ताप आलेला नाही. छातीत दुखणं, चक्कर, ठोके चुकणं काही नाही. ईसीजी आणि हिमोग्लोबिन नॉर्मल. शर्यतीला १४ आठवडे आहेत.

आठवड्यातून एकदा ३-३ मिनिटांचे ४ इंटरव्हल आताच सुरू करावेत, की १४० ला जुना वेग परत येईपर्यंत थांबावं?